वेटिंग लिस्ट म्हणजे नकारच? काकांना उत्तर

रामबागकर:
कॉलेज प्रवेशाच्या वेटिंगबद्दल काल काकांनी इथे लिहिलं, "वेटिंग म्हणजे सभ्य भाषेतला नकार. पोराला मिळेल तिथे बसवा, आशा लावू नका." वर लोकांचे अंगठेच अंगठे. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

काका, यादी सरकते. एकच पोरगी आयआयएम इंदूरच्या आयपीएमला (बारावीनंतरचा पाच वर्षांचा मॅनेजमेंट कोर्स), दिल्ली विद्यापीठाला आणि लॉला नाव लावून बसलेली असते. तिने एक जागा पक्की केली की बाकीच्या सुटतात. २०२४ ला सीयूईटीचा, म्हणजे विद्यापीठांच्या देशभरातल्या सामायिक प्रवेश परीक्षेचा, निकाल २८ जुलैला लागला. तोवर हातची जागा कोण सोडणार? मग जूनमधला नंबर बघून घरात सुतक कशाला? मागच्या वर्षी यादी कुठवर गेली ते काढा आणि दुसरीकडे फी भरून ठेवा. दोन्ही करता येतं.

अनुभवी काका:
दोन्ही करता येतं म्हणे! माझ्या धाकट्याची फी बायपासकडच्या एका खासगी कॉलेजने गिळली. मूळ मार्कशीटसुद्धा देईनात.

रामबागकर:
यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८ चा नियम आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी सोडलं तर थोडा प्रोसेसिंग खर्च वगळता पूर्ण फी परत, मग टप्प्याटप्प्याने कमी. २०२४-२५ ला तर ३० सप्टेंबरपर्यंत सगळी फी, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १००० रुपये कापायचे. मूळ कागद अडवताच येत नाहीत. अर्ज दिला होता का?

अनुभवी काका:
दिला होता. बाबू म्हणाला, "सर आले की बघू." नियम तुमच्याजवळ, पैसे त्यांच्याजवळ.

सुदामानगरची आई:
नियम राहू द्या, पोराचं काय? आमचा मुलगा रविवारी पोहे आणायलाही खाली उतरत नव्हता, चौकात कोणी विचारेल म्हणून. दर तासाला पोर्टल. शेवटी पासवर्ड बाबांकडे दिला, दिवसातून एकदा तेच उघडायचे. जेवायला लागला. नातेवाइकांना मात्र आवरता आलं नाही. पुण्याच्या आत्याबाई रोज फोन करून "आमच्याकडे का नाही टाकलं?"

जुना जीएसवाला:
पुणे! ताई, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. तिथे अर्ज केला की आपण इंदूरवाले परप्रांतीय. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मुलांना महाराष्ट्राच्या जागा मिळतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतोय, आपल्याला काय? ऑल इंडिया कोट्यातल्या चार जागांमागे धावा.

पुणे रिटर्न:
तो सीमावाद सुप्रीम कोर्टात आहे. आपला कसला वाद आहे? होळकर इथे होते म्हणून कोटा मागायचा का? मध्य प्रदेशच्या काउन्सेलिंगला डोमिसाइलचा फायदा घेताच ना?

जुना जीएसवाला:
कसला फायदा भिया? आपल्या डीएव्हीव्हीत (देवी अहिल्या विद्यापीठात) २०२२ पासून टीचिंग डिपार्टमेंटला सीयूईटी. तिथल्याच आयआयपीएसला देशभरातून अर्ज, आणि सुखलियातला पोरगा वेटिंगवर.

पुणे रिटर्न:
सीयूईटी नव्हती तेव्हाही बाहेरची मुलं यायचीच. पोराने पेपर बरा लिहावा.

जुना जीएसवाला:
माझ्या पोराबद्दल बोलू नका. चार वर्षं कोथरूडला राहून आलात म्हणून इंदूरवाले गावठी झाले काय?

पुणे रिटर्न:
गावठी मी म्हटलं नाही. तुम्हीच ओळखलंत.

सुदामानगरची आई:
अहो, सोडा ना. धागा वेटिंगचा आहे.

जुना जीएसवाला:
ताई, वेटिंग का लागतं, तेच सांगतोय.

अनुभवी काका:
चालू द्या. रामबागकर, यादी सरकते, मान्य. अभिनंदन. माझ्या धाकट्यापर्यंत आली नाही, तेवढं तुमच्या हिशोबात धरा.

रामबागकर:
धरलं. म्हणूनच दुसरी जागा घेऊन ठेवा म्हटलं, पहिल्याच पोस्टमध्ये. वाचलं असतं तर एवढं भांडण झालं नसतं.

सुदामानगरची आई:
एक विचारू? प्रवेशाची ती शेवटची तारीख कुठे सापडते? आमच्या पावतीवर नाही.

रामबागकर:
प्रॉस्पेक्टसमध्ये, नाहीतर वेबसाइटवर प्रवेशाच्या वेळापत्रकात. आजच स्क्रीनशॉट काढून ठेवा. सोडायचा अर्ज ईमेलने करा, म्हणजे तारीख राहते.

अनुभवी काका:
करा ईमेल. उत्तर आलं तर इथे टाका, मीही वाचीन.