मदत हवी आहे : प्राचीन हवामानाच्या अभ्यासात करिअर

नमस्कार मंडळी. आम्ही रावेरकडचे, घरची केळी. धाकटी बहीण जळगावला एम.एस्सी. भूगर्भशास्त्र करतेय आणि आता तिला हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस शोधायचाय! मेघालयातल्या मावम्लूह गुहेतल्या चुनखडीच्या थरांवरून ४२०० वर्षांपूर्वीचा मोठा दुष्काळ कळला आणि २०१८ मध्ये तेव्हापासून आजपर्यंतच्या कालखंडाला 'मेघालयन' नाव मिळालं, हे वाचल्यापासून तिच्या डोक्यात तेच. तापीकाठी प्रकाशे इथे ताम्रपाषाणयुगीन वस्ती होती, मग आपल्या गाळाच्या थरांतही पावसाचा हिशोब असेलच, असं तिचं म्हणणं. मला पटतं. आजीचा मात्र एकच प्रश्न : "त्यामा पोटले भाकर भेटी का?"

नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० फेलोशिप, एवढं समजलं. पण पीएच.डी. नंतर काय? लखनौची बिरबल साहनी संस्था (पुराविज्ञान), अहमदाबादची पीआरएल (भौतिकी संशोधन प्रयोगशाळा) की पुण्याची आयआयटीएम (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था)? सागवानाच्या वाढवलयांवरून (खोडातल्या वर्षागणिक कड्यांवरून) जुना पाऊस काढायचं काम पुण्यात झालंय, म्हणून घरच्यांचा कल तिकडे (खरं कारण, रेल्वेने जवळ). गाळातले जुने परागकण, झाडांची वलयं की गुहांचे थर, आधी कशाचा अभ्यास शिकावा? या क्षेत्रातल्या कुणा दादा-ताईंनी पाच मिनिटं फोनवर दिली तरी खूप होईल.