हिमरूवर हळद

बी-२०४ काकू: कुणी उठलंय का? रात्री महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवात नातीच्या हातून हळदीची वाटी सोफ्यावर पालथी झाली. हिमरूचं, म्हणजे सूत अन् रेशमाचं विणलेलं कापड आहे, यांनी रिटायर झाल्यावर हौसेनं बसवून घेतलेलं.

ए-१०१ वैनी: भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी करा अन् घासा काकू.

सी-३०२ मॅडम: थांबा! साबण नको. हळदीला साबण, सोडा, चुना काहीही लागलं की ती लाल होते.

बी-२०४ काकू: अगं बाई! सुनेनं रात्रीच एका कोपऱ्याला साबण लावला. तिथं लाल दिसायलंय. मला वाटलं कुंकूपण सांडलं.

सी-३०२ मॅडम: हळदच आहे ती. कुंकू तरी कशाचं करतात, हळद अन् चुन्याचंच की. एक वाटी पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घाला, पांढरं फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि नुसतं टिपा. लाल परत पिवळं होईल. डाग जाणार नाही, पण साबणाचा अंश मरेल. रेशमाला तेवढं आंबट सोसतं, सोडा सोसत नाही. ब्लीचची बाटली तर त्या खोलीतच नेऊ नका, रेशीम विरघळतं त्यात.

डी-००२ भाऊ (सोफा काम): अन् पाणी आरओचं घ्या. आपल्या बोअरच्या पाण्यानं वाळल्यावर पांढरी कड उमटती.

ए-१०१ वैनी: उन्हात ठेवलं तर? हळद उन्हानं उडते म्हणतात.

सी-३०२ मॅडम: खरंय, पांढऱ्या सुती साडीवर मी तेच करते. पण इथं हळदीसंगं कापडाचाही रंग उडेल.

डी-००२ भाऊ: काकू, आधी कापड असली आहे का ते बघा. सोफ्याच्या खालून शिलाईतला एक उभा अन् एक आडवा धागा काढा, चिमट्यात धरून जाळा. हिमरूत उभा सुती असतो, आडवा रेशमाचा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख चुरगळती. वितळून टणक गोळी झाली तर पॉलिस्टर. दोन्हीला कागदाचा वास आला तर आडव्यात रेयॉन असू शकतं, मग पाण्याला लई जपा, ओलं झालं की ते कमजोर पडतं.

बी-२०४ काकू: उभ्याला कागदाचा, आडव्याला केसाचा. हे म्हणले, बघ, मी सांगत नव्हतो!

डी-००२ भाऊ: मग आता कोरडी पूड काढा. चोळायचं नाही, फुंकायचं नाही. व्हॅक्यूमचं तोंड बोटभर वर धरा, ब्रश काढून टाका. सगळ्यात जास्त इथंच निघतं. ओलं करायची घाई केली की पूड धाग्यात बसती.

सी-३०२ मॅडम: उरलेल्याला दवाखान्यातलं स्पिरिट. हळदीचा रंग पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. पण आधी मागच्या, न दिसणाऱ्या जागी कापसाचा बोळा लावून बघा. खिडक्या उघडा अन् समई विझवल्याशिवाय बाटली उघडू नका.

ए-४०३ काका: आमच्या मखमली सोफ्यालाही सांगा काहीतरी. गेल्या वर्षी घरी येऊन धुणाऱ्यानं फेस मारून ब्रश उलटा फिरवला, लव अजून बसलेलीच आहे.

डी-००२ भाऊ: सोफ्याखाली कंपनीची पट्टी असती काका. डब्ल्यू म्हणजे पाणी चालतं, एस म्हणजे फक्त सॉल्व्हंट (बिनपाण्याचं द्रावण), डब्ल्यूएस दोन्ही, एक्स म्हणजे नुसतं व्हॅक्यूम. काय लिहिलंय?

ए-४०३ काका: एक्स. धुणाऱ्यानं बघितली नाही, मीही नाही.

(संध्याकाळी)

बी-२०४ काकू: बरीच पूड निघाली. लाल कोपरा पिवळा झाला. स्पिरिटचा बोळा मागच्या बाजूला लावला तर कापडाचा हिरवा रंग त्याला लागला, म्हणून पुढं लावलंच नाही. तळहाताएवढा पिवळा राहिलाय.

डी-००२ भाऊ: बरं केलं थांबलात. आता पंखा लावून वाळू द्या, इस्त्री-बिस्त्री करू नका.

बी-२०४ काकू: हो. नात विचारायलीय, कुंकवाची वाटी कुठं ठेवली.