काढलेली गाठ परत, तीही छातीत?
ऑपरेशन झालेलं असताना आईंना परत गॉयटर (गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीची गाठ) कसा, असं विचारलंय तुम्ही. अहो, पूर्वी बऱ्याचदा थायरॉईड अर्धवटच काढायचे, मग उरलेला तुकडा वर्षानुवर्षं वाढत वाढत छातीच्या हाडामागे उतरतो, बाहेरून पत्ताच लागत नाही. आमच्या मावशीला आडवं झालं की धाप लागायची, सगळे दमा समजून पंप देत बसले, शेवटी एका डॉक्टरांनी दोन्ही हात वर धरायला लावले तर मिनिटभरात चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा टरारलेल्या! म्हणजे दमा नव्हताच, छातीत उतरलेला गॉयटरच शिरा दाबत होता. सोनोग्राफीत हाडामागचं दिसत नाही, सीटी लागतोच. बहुतेकदा मानेतूनच निघतं, छाती उघडत नाहीत. पण दुसऱ्यांदा करताना आवाजाच्या नसेला धोका जास्त, म्हणून स्वरतंतू आधी तपासून घ्या, आणि नंतर बोटांना मुंग्या आल्या तर रक्तातलं कॅल्शियम लगेच बघायला सांगा.