एकच गाव, तीन कागद, तीन पत्ते: औंध संस्थान, द. सातारा, सांगली. जुन्या नोंदी कुठे शोधायच्या?

प्रश्न: येरळाकाठ

गाव कुंडल. आज ता. पलूस, जि. सांगली. हातात तीन कागद आहेत. १९३६ च्या कागदावर 'संस्थान औंध', १९५४ च्या पावतीवर 'ता. तासगाव, जि. द. सातारा' आणि अलीकडच्या सातबाऱ्यावर सांगली. शिवाय एक मोडी कागद आहे. त्यावर 'सन फसली १३३३' एवढंच वाचता येतं.

१. 'द. सातारा' म्हणजे काय?
२. पणजोबांची जमिनीची आणि जातीची नोंद सातारच्या कलेक्टर कचेरीत मागायची की सांगलीच्या?
३. फसली १३३३ म्हणजे इसवी सन किती?
४. 'सातारा गॅझेटियर'मध्ये नाव सापडेल का?

---

उत्तर: दप्तरी

तिन्ही पत्ते बरोबर आहेत. गाव जागचं हललेलं नाही, त्याच्यावरचा कारभार बदलत गेला.

१८१८ ला पेशवाई बुडाली आणि पुढच्या वर्षीच्या तहाने प्रतापसिंह महाराजांचं सातारचं राज्य उभं राहिलं. औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे नाईक निंबाळकर, भोरचे पंतसचिव, जतचे डफळे हे त्या राज्याचे जहागीरदार. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले, तेव्हा दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केलं. खालसा झाला तो महाराजांचा मुलूख. जहागीरदारांचा तसाच राहिला आणि ते थेट इंग्रजांचे मांडलिक झाले. सातारा जिल्ह्याच्या जुन्या नकाशावर मधेमधे वेगळ्या रंगाचे तुकडे दिसतात ते यामुळेच.

औंध संस्थान सलग नव्हतं. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचं गुणदाळ असे विखुरलेले तुकडे होते, गावं ७२. कुंडलच्या चारी बाजूंना इंग्रजी हद्द, मधे हे संस्थानी बेट. ८ मार्च १९४८ ला औंध, फलटण, भोर, सांगली, मिरज, जत ही दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ ला जुना जिल्हा फोडून उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा केले. 'द.' म्हणजे हे दक्षिण. १९६० च्या सुमारास दक्षिण साताराचं नाव सांगली झालं आणि उत्तरचा नुसता सातारा उरला. पलूस तालुका तर अगदी अलीकडचा.

म्हणून पत्त्यावरून कागदाचा काळही ठरतो. १९३० च्या म्हणून दाखवलेल्या अस्सल कागदावर 'जि. द. सातारा' असेल, तर तो कागद मागाहून लिहिलेला आहे. जात पडताळणीत हे बघतात.

फसली म्हणजे महसुली कामकाजाचा सन. त्यात ५९० मिळवा: १३३३ म्हणजे इसवी १९२३. वर्ष जूनमध्ये मृगाला सुरू होतं. म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांतला कागद असेल तर ५९१ मिळवून १९२४ धरा.

---

उत्तर: तलाठी_सजा

दुसऱ्या प्रश्नाचं बघतो. नियम सोपा आहे: दप्तर गावामागे जातं, जुन्या जिल्ह्यामागे नाही. गाव सांगलीत गेलं की त्याचं महसुली दप्तरही तिकडे जातं. साताऱ्याला हेलपाटा घालू नका, आधी पलूस आणि मग तासगाव तहसीलचा अभिलेख कक्ष. तालुका फुटला की नव्या तहसीलला सगळे गठ्ठे जातातच असं नाही. जुने मूळ तालुक्यातच पडून राहतात आणि दोन्हीकडचे कारकून एकमेकांकडे बोट दाखवतात.

अर्जात 'जुने रेकॉर्ड मिळावे' असं मोघम लिहिलंत तर 'आढळून येत नाही' हेच उत्तर येणार. नोंदवहीचं नाव आणि वर्षं लिहा:

- गाव नमुना ६, म्हणजे फेरफार. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. सर्वांत जुन्या आकड्यापासून मागे जा.
- कडईपत्रक. हक्कनोंदीचे सुरुवातीचे कागद, कूळ आणि कब्जेदार यात दिसतात.
- गाव नमुना १४, लोक कोतवाल बुक म्हणतात तो. जन्म-मृत्यूच्या नोंदी, जातीच्या रकान्यासकट. जातीसाठी सर्वांत उपयोगी हाच.
- शाळेचा जनरल रजिस्टरवरून दिलेला प्रवेश-निर्गम उतारा. हा तहसीलला नाही, गावच्या जिल्हा परिषद शाळेत मिळतो.

हातातला नंबर गट नंबर असेल तर जुन्या कागदात तो सापडणार नाही. एकत्रीकरण योजना १९४७ च्या कायद्याने आली, त्याआधी सर्व्हे नंबर होते. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडून योजनेचा ९(३), ९(४) चा उतारा घ्या. कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला ते त्यात आहे. ही पायरी गाळल्यामुळे अनेकांचं घोडं अडतं.

कुंडलसारख्या संस्थानी गावात आणखी एक गोम आहे. नोंदवहीचं पहिलं वर्ष बघा. ती १९४८ च्या आसपास सुरू होत असेल तर त्याआधीची नोंद 'नाही' असं धरू नका. ती संस्थानी दप्तरात असणार. अर्जात 'पूर्वीचे औंध संस्थान, ठाणे कुंडल' असे शब्द घालून तो गठ्ठा वेगळा मागा. इंग्रजी अमलातल्या सातारा कलेक्टरच्या तालुका दप्तरात कुंडलचा सारा सापडणार नाही, तो तिथे कधी भरलाच जात नव्हता.

नोंद नसेल किंवा पान फाटलेलं असेल तर 'आढळ होत नाही' किंवा 'जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही' असं लेखी घ्या. तोंडी उत्तर पुढे कुठेच चालत नाही.

---

उत्तर: मोडीवाचक

मोडी कागदाबद्दल. नुसतं आडनाव शोधत बसू नका, बहुतेक ठिकाणी ते नसतंच. 'रामजी बिन सखोजी' अशी नोंद असते, बिन म्हणजे मुलगा. बायकांसाठी 'कोम': काशी कोम रामजी म्हणजे रामजीची बायको. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्दही तोडत नाहीत. लिप्यंतर करणारा 'गोंदजी'चं 'गोविंदजी' करून टाकतो आणि वंशावळ तिथेच तुटते. लिप्यंतर करताना अक्षराला अक्षर ठेवायला सांगा, शुद्ध करायला नको. पुराभिलेख विभागाची मोडी परीक्षा झालेल्या माणसाकडूनच करून घ्या.

१८४८ च्या आधीचा कागद निघाला तर सन वेगळा असेल. 'समान अशरीन मयातैन व अलफ' अशी शब्दांत लिहिलेली वर्षं ही सुहूर सनाची. समान ८, अशरीन २०, मयातैन २००, अलफ १०००, एकूण १२२८. त्यात ५९९ मिळवले की १८२७. फसली समजून ५९० मिळवले तर नऊ वर्षांची चूक होते, आणि ती सर्रास होते.

---

उत्तर: दप्तरी

गॅझेटियरचं राहिलं होतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारचा खंड १९ वा, साल १८८५. जातवार लोकसंख्या, धंदे, पीकपाणी, गावांची माहिती असं सगळं आहे. पण कुटुंबवार नावं नाहीत. जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक होते एवढंच त्यातून कळतं. तुमचे पणजोबा त्यांतले एक होते हे सांगणारा कागद कोतवाल बुक किंवा शाळेचाच. तो खंड ब्रिटिश जिल्ह्याच्या ११ तालुक्यांचा. औंध संस्थान त्यांत नाही, त्यामुळे त्या आकड्यांत कुंडल शोधू नका.

तालुक्यांचीही अशीच गंमत. खंडाळा तेव्हा वाईचा पेटा (तालुक्याचा पोटभाग), शिराळा वाळव्याचा, महाबळेश्वर म्हणजे जावळीचा माल्कमपेठ पेटा. पेट्यावर मामलेदार नसे, महालकरी असे. शिराळ्याच्या माणसाने वाळव्याचं दप्तरही चाळावं.

आणि औंध म्हणजे खटाव तालुक्यातलं औंध. पुण्याच्या औंधला अर्ज करू नका, तसे करणारे आहेत!

---

येरळाकाठ

धन्यवाद. जातीच्या दाखल्यासाठी कुठली तारीख धरतात? आणि प्रतिसरकारच्या काळातल्या निवाड्यांची नोंद फेरफारात असते का?

---

उत्तर: तलाठी_सजा

मानीव तारखा अशा: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्या २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी घराणं जिथे राहत होतं, तिथल्या आजच्या प्रांताधिकाऱ्याकडे दाखला मागायचा. कुंडल कुठल्याही तारखेला धरलं तरी उत्तर सांगलीच. घराणं त्याआधी मुंबई-ठाण्याला कायमचं गेलं असेल तर मात्र उत्तर बदलतं.

प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्ध इथल्या क्रांतिकारकांनी चालवलेलं समांतर सरकार, १९४३ ते ४६. जी. डी. बापू लाड यांचं कुंडल हे त्याचं एक ठाणं होतं. चारी बाजूंच्या इंग्रजी मुलखातून येऊन इथे लपणं सोयीचं होतं. न्यायदान मंडळाचा निवाडा गावाने मानला तरी सरकारी नोंदवहीत तो आपोआप चढत नव्हता. जमीन ताब्यात एकाची आणि फेरफारात दुसऱ्याची असं दिसलं तर आधी तो काळ तपासा, आणि त्यानंतर खरेदीखत किंवा वारसनोंद कधी झाली ते बघा.