घोरण्यावरची दातपट्टी कोणाला लागू पडेल?

घोरणे आणि झोपेत घसा मिटून वारंवार श्वास अडणे (स्लीप ॲप्निया) यांवर रात्री दातांवर बसवायच्या तोंडातील उपकरणाचा, म्हणजे दातपट्टीचा, उपयोग फक्त सडपातळ रुग्णांनाच होतो, असे काही जण म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. हे उपकरण खालचा जबडा पुढे ओढून धरते व जिभेमागची वाट मोकळी करते, त्यामुळे अडथळा तिथेच असेल, जबडा मुळात मागे असेल किंवा श्वास मुख्यतः उताणे झोपल्यावर अडत असेल, तर यशाची शक्यता वाढते. याउलट, औषधाने झोपवून दुर्बिणीतून पाहिल्यावर मऊ टाळूच्या पातळीवर घसा चहूबाजूंनी मिटताना दिसला, तर सहसा निराशाच पदरी पडते. झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा ३० च्या वर असणाऱ्यांपेक्षा ५ ते ३० मधल्यांना फायदा अधिक होतो; पण एकट्या आकड्यावरून भाकीत करू नये.

आमच्या निपाणी भागात आधी पाहावे लागतात ते दात. आमचे दाजी बारीक अंगाचे, आकडा १८, म्हणजे कागदावर अगदी योग्य रुग्ण. पण वर्षानुवर्षे गालात तंबाखू धरल्याने हिरड्या खचलेल्या आणि खालच्या दाढा बोटाने हलत होत्या. बेळगावच्या दंतवैद्यांनी माप घेण्याआधीच नकार दिला (आणि योग्यच केले), कारण उपकरणाचा सगळा ताण दातांवर येतो.

ज्यांना ते बसते त्यांनीही घोरणे थांबल्यावर निश्चिंत होऊ नये. उपकरण तोंडात ठेवूनच झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी, कारण आवाज बंद होऊनही श्वास अडत राहू शकतो.