घरातल्या जुन्या फोटोतले ताजुद्दीन बाबा : आपला अनुभव लिहा

नागपूर जिल्ह्यात, विशेषतः कन्हानकाठच्या वाकीच्या पंचक्रोशीत, हिंदू असो वा मुसलमान, पुष्कळ घरांत सुफी संत ताजुद्दीन बाबांचा एखादा जुना फोटो असतो. कामठीला १८६१ साली जन्मलेले बाबा १८९२ पासून सुमारे सोळा वर्षे नागपूरच्या पागलखान्यात होते. १९०८ मध्ये रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या वाड्यात आणले, मधली काही वर्षे वाकीला काशिनाथ पाटलांकडे गेली आणि १७ ऑगस्ट १९२५ रोजी शक्करदऱ्यालाच त्यांनी देह ठेवला. त्यांचे बोलणे कोड्यात असे आणि त्यांचे फोटोही तसेच आहेत. आपल्या फोटोत काय दिसते आणि थोरांनी त्याचा काय अर्थ लावला, ते लिहावे. चमत्कारांच्या कथा अन्यत्र भरपूर छापल्या आहेत. येथे फोटोवरच राहावे.

सावनेर तालुक्यातून

आमच्या फोटोत बाबा बाजेवर बसले आहेत आणि गुडघ्यांवर काळे कापड आहे. पणजी सांगे, "लालच होतं ते पोरी, माह्या लुगड्याचा पदर फाडून देल्ला होता." घरात कुणालाच ते पटले नाही, आणि काकांनी तर ते घोंगडे ठरवूनच टाकले. दोन वर्षांपूर्वी फ्रेमची काच तडकली म्हणून फोटो एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे नेला. त्यांनी सांगितले, की त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या साध्या काचेच्या प्लेटांवर तांबड्या रंगाचा परिणाम जवळजवळ होतच नसे, त्यामुळे कुंकू, गेरू, लाल लुगडे असे सगळे काळेच उतरे. मग त्यांनी भिंग माझ्या हाती दिले. कापडाच्या तीन बाजू नीट शिवलेल्या होत्या आणि चौथ्या बाजूने सुते लोंबत होती, फाडलेल्या धडप्याची लोंबतात तशी. एवढ्याने पणजीचे म्हणणे सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण काकांचे घोंगडे मात्र त्या दिवशी गेले. पणजीला जाऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती.

काटोलहून

बाबांची नजर खोलीभर आपल्यामागे फिरते, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला तेव्हा बुबुळे बारीक ब्रशने काढलेली दिसली. डोळे हलले की स्टुडिओवाले ती अशी भरून काढत असत. आईला दाखवले, तर ती शांतपणे म्हणाली, "मंग ज्यानं काढली, त्यानं बाबाले पाह्यलंच असन ना?" मला उत्तर सुचले नाही.

उमरेडहून

आमच्या फोटोत बाबांचा उजवा हात वर आहे, मामांकडच्या त्याच फोटोत डावा. कुणीतरी प्लेट उलटी ठेवून प्रत काढली असणार. सदरा असता तर गुंड्यांवरून निकाल लागला असता, पण कफनीला गुंड्या कुठल्या?

मौद्याजवळच्या खेड्यातून

आबाजींनी चाळीस वर्षे ज्या फोटोला हार घातला, तो बाबांचा नाहीच, हे नागपूरला ताजबागेत, बाबांच्या दर्ग्यात, गेल्यावर माझ्या लक्षात आले. चेहरेपट्टी अगदीच वेगळी आहे. आबाजी आता नाहीत, आणि फोटो काढून टाकायला आई तयार नाही. कुणाच्या घरी असाच फोटो असेल तर कृपया कळवावे: उजव्या गालावर चामखीळ, हातात टमरेल, मागे निंबाचे झाड.