विषय: विसर्जन मिरवणूक रस्त्यावर काढायची की नाही?

प्रेषक: सचिव
सोमवार, १ सप्टेंबर २०२५

आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

काल गौरी आवाहनाच्याच दिवशी मेलबर्नसह सगळ्या मोठ्या शहरांत 'मार्च फॉर ऑस्ट्रेलिया'चे स्थलांतरविरोधी मोर्चे निघाले. त्यांच्या पत्रकावर भारतीयांचं नाव घालून, ग्रीक-इटालियन लोकांशी आकड्यांची तुलना करून मजकूर छापला होता, तो अनेकांनी मला पाठवला आहे. काल रात्री कार्यकारिणीचं फोनवर बोलणं झालं. येत्या शनिवारी अनंत चतुर्दशीला हॉलपासून मैदानापर्यंतची मिरवणूक रद्द करावी, ढोल-ताशा पथकाला थांबायला सांगावं आणि हॉलमध्येच आरती करून विसर्जन करावं, असा विचार आहे. तोपर्यंत ट्रेनमध्ये मोठ्याने मराठी बोलणं टाळा आणि पारंपरिक वेशात एकट्याने प्रवास करू नका, ही विनंती.

आपली मतं बुधवारपर्यंत कळवावीत.

प्रेषक: सभासद, टार्नीट
सोमवार, १ सप्टेंबर, रात्री

सचिवताई, नमस्कार.

मी मंडळाच्या या ई-मेल लिस्टवर फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते आहे.

काल मुलीला घेऊन फुटस्क्रेच्या बाजारात गेले होते. केळीची पानं, झेंडू, अळू, सगळं तिथेच मिळतं. ज्या व्हिएतनामी मावशींकडून मी दर वर्षी पानं घेते, त्या न फाटलेली लांब पानं माझ्यासाठी मागे ठेवतात. त्यांचा वू लान, म्हणजे पितरांचा आणि आईवडिलांचा दिवस, यंदा आपल्या अनंत चतुर्दशीच्याच दिवशी आहे. तोडकंमोडकं इंग्रजी दोघींचंही, पण पूजेला काय लागतं हे आम्हाला एकमेकींना समजावून सांगावं लागत नाही.

परतताना ट्रेनमध्ये तीन जण होते, खांद्यावर झेंडे गुंडाळलेले. त्यातला एक खाली वाकला आणि माझ्या मुलीच्या तोंडाजवळ येऊन 'गो होम' म्हणाला. मला नाही, तिला. ती ९ वर्षांची आहे आणि तिचा जन्म इथल्याच सनशाइन उपनगरातला. डबा भरलेला होता. सगळे मोबाइलमध्ये बघत राहिले. नर्सच्या गणवेशातली एक बाई मात्र उठली, त्यांच्या आणि आमच्या मधल्या सीटवर येऊन बसली आणि टार्नीट येईपर्यंत मुलीला विचारत राहिली, ही पानं कसली, यावर काय वाढतात. तिचं नावही मी विचारलं नाही. उतरल्यावर पाहिलं तर मुलीने केसांतला जाईचा गजरा काढून खिशात ठेवला होता.

कोणी हात लावला नाही, ढकललं नाही. म्हणून संध्याकाळपर्यंत मी स्वतःला सांगत होते की काही झालंच नाही. गौरींचे मुखवटे बसवताना हात थरथरायला लागले तेव्हा कळलं.

आता मिरवणूक रद्द झाली तर मी तिला काय सांगू? गजरा खिशात ठेवलास ते बरोबर केलंस, असं? मंडळाने हे करू नये. माझी कळकळीची विनंती आहे.

प्रेषक: नाना, ग्लेन वेव्हर्ली
मंगळवार, २ सप्टेंबर

टार्नीटच्या मुली, तुझं पत्र काकूंना वाचून दाखवलं. दोघंही बराच वेळ गप्प होतो.

सचिवताई, 'मोठ्याने मराठी बोलू नका' हे तुम्ही काळजीपोटी लिहिलंत, हे मला कळतं. तरीही राहवत नाही म्हणून सांगतो. या देशाने १९०१ मध्ये जो इमिग्रेशनचा कायदा केला, त्यात 'गोऱ्यांशिवाय कोणी नको' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यात होती भाषेची परीक्षा. अधिकाऱ्याने कुठल्याही युरोपीय भाषेत ५० शब्दांचा उतारा सांगायचा आणि बंदरात उतरलेल्या माणसाने तो लिहायचा. इंग्रजी येणारा माणूस असला तर दुसरी भाषा काढायची. १९३४ मध्ये एगॉन किश हा लेखक हिटलरविरुद्ध बोलायला आला. त्याला इतक्या भाषा येत होत्या की शेवटी स्कॉटिश गेलिकमध्ये उतारा घातला. तो हायकोर्टात गेला आणि ती परीक्षा कोर्टाने रद्द ठरवली. ही पद्धत १९५८ पर्यंत कायद्यात होती. त्वचेचा रंग बोलून न दाखवता भाषेच्या आडून माणूस परत पाठवायचा, हे इथे अर्धं शतक चाललं. म्हणून आपणच आपली भाषा खाली ठेवायची, हे माझ्याच्याने होत नाही.

दुसरी गोष्ट पुण्याची आहे. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला. त्यांच्यानंतर त्याचे अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियात आले होते. इथे आधीपासून राहणाऱ्या भारतीय लोकांना, त्यात बरेचसे खेडोपाडी फिरणारे फेरीवाले आणि शेतमजूर होते, मताचा हक्क द्या म्हणून ते शहरोशहरी बोलत फिरले. १९२५ मध्ये कायदा बदलला. डेक्कनवर लहानपणी त्या समाजाच्या आवारावरून मी रोज शाळेत जायचो, आणि हे मला कळलं इथे येऊन वीस वर्षांनी. इथल्या मूळ रहिवाशांना मात्र केंद्राच्या निवडणुकीत सरसकट मत मिळायला १९६२ उजाडलं. हेही त्याच वाक्यात सांगायला हवं.

मी आलो १९७४ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारने 'गोरा ऑस्ट्रेलिया' धोरणाचे उरलेसुरले नियम काढले होते. कारखान्यात माझ्या शेजारी कालाब्रियाचा एक इटालियन होता. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या सॉसेजला नाकं मुरडली जायची, तशीच माझ्या लोणच्याला. त्याच्या काकांचं घर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅलगूर्लीच्या १९३४ च्या दंगलीत जळालं होतं. तेव्हा खाणीतले लोक इटालियन आणि स्लाव लोकांच्या वस्तीवर चालून गेले होते. आज ज्यांचं नाव पत्रकावर 'चांगले स्थलांतरित' म्हणून आपल्यासमोर धरलं जातंय ते हेच लोक.

आणि बहुसांस्कृतिक ऑस्ट्रेलिया कोणी ताटात वाढून दिलेला नाही. १९७५ च्या जूनमध्ये मेलबर्नला ३ईए रेडिओ सुरू झाला तो ८ भाषांत, कारण मेडिबँक ही नवी आरोग्य योजना लोकांना त्यांच्या भाषेत कळायला हवी होती. तीन महिन्यांसाठी म्हणून सुरू झालेलं ते काम लोकांनी बंद होऊ दिलं नाही. त्यातूनच पुढे एसबीएस हे सरकारी बहुभाषिक प्रसारण झालं. त्याच वर्षी वंशभेदविरोधी कायदा आला. मागणारे मागत राहिले, म्हणून मिळालं.

मी ७९ वर्षांचा आहे. शनिवारी मिरवणूक निघाली तर पालखीपुढे मी चालणार.

प्रेषक: सभासद, वेरिबी
मंगळवार, २ सप्टेंबर

नाना, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडं वेगळं मांडतो.

२००९ मध्ये मी इथे विद्यार्थी होतो. रात्रपाळी संपवून शेवटच्या ट्रेनने परत यायचो. स्टेशनबाहेर मला मारून फोन आणि पाकीट काढून घेतलं. गालाच्या हाडाला चीर गेली होती. भारतीय विद्यार्थ्यांवरच्या अशा हल्ल्यांविरुद्ध ३१ मे रोजी फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर आम्ही हजारोंनी बसलो, त्यात मीही होतो. त्या काळात पोलिसांकडून सल्ला मिळायचा: ट्रेनमध्ये आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, आयपॉड-लॅपटॉप दिसू देऊ नका. सचिवताई, तुमचं वाक्य वाचून तेच आठवलं. म्हणून त्या वाक्याला माझा विरोध आहे.

पण भीती खोटी नाही, आणि हिंमत दाखवायला लहान मुलांना पुढे करू नये असं मला मनापासून वाटतं. निघायचं तर तयारीने निघू. पोलिसांना आणि कौन्सिलला आजच कळवा. दर वीस माणसांमागे पिवळं जाकीट घातलेला एक स्वयंसेवक ठेवा. सूर्य मावळायच्या आत विसर्जन उरका. वाटेवरच्या घरांत आधी चिठ्ठी टाका: किती वाजता, किती वेळ, कशासाठी. ती चिठ्ठी मी लिहितो.

जानेवारी २०२१ च्या सिडनी कसोटीत सिराजला प्रेक्षकांतून शिव्या आल्या तेव्हा त्याने कप्तानाला सांगितलं आणि रहाणेने पंचांना. पंचांनी मैदान सोडायची मुभा दिली होती. आपला रहाणे म्हणाला, आम्ही खेळणार. खेळ दहाएक मिनिटं थांबला, ६ जणांना स्टँडमधून बाहेर काढलं. तक्रारही केली आणि मैदानही सोडलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे तेच आहे.

प्रेषक: मराठी शाळेची शिक्षिका, पॉइंट कुक
बुधवार, ३ सप्टेंबर

सगळ्यांना नमस्कार. मी इथेच वाढले, त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या.

रविवारी सगळ्यात मोठा हल्ला आपल्यावर झाला नाही. मोर्चानंतर काळे कपडे घातलेली टोळी किंग्ज डोमेन बागेतल्या कॅम्प सॉव्हरेन्टीवर चालून गेली. तिथे मूळ रहिवासी जमातींचे लोक तळ देऊन बसलेले असतात. काही जण जखमी झाले. त्याच बागेत ३८ मूळ रहिवाशांच्या अस्थी १९८५ मध्ये पुन्हा मातीला दिल्या, ज्या आधी म्युझियमच्या संग्रहात पडून होत्या. 'गो होम' म्हणत निघालेल्यांनी मारलं ते ज्यांचं हे घर हजारो वर्षं आहे त्यांना. दोन दिवसांत या लिस्टवर त्याबद्दल एक ओळ नव्हती. नानांनी केलेला मताच्या हक्काचा उल्लेख सोडून. मला त्याचं फार वाईट वाटलं.

आणखी एक लिहिते, राग आला तरी चालेल. आपल्या घरांत काय बोललं जातं ते मी लहानपणापासून ऐकते आहे. सुदानी मुलांना 'हबशी'. चिनी-व्हिएतनामी सगळे 'चिंकी'. मूळ रहिवाशांबद्दल 'त्यांना फुकट मिळतं, ते पितात'. 'त्या गल्लीत घर नको, तिथे ते लोक राहतात.' नव्या कुटुंबाला पहिल्या भेटीत आडनाव विचारायचं, मग गाव, मग 'म्हणजे तुम्ही कोणापैकी?' माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईने या प्रश्नानंतर मंडळात येणं सोडलं. मानवी हक्क आयोगाने गेल्या नोव्हेंबरमध्ये वंशभेदाविरुद्धचा राष्ट्रीय आराखडा काढला, त्यात जातिभेदाचाही विषय आहे. तो आपल्यामुळे आहे.

म्हणून माझी मागणी आहे. मिरवणूक निघायलाच हवी. पण आरतीआधी आपण इथल्या मूळ रहिवासी बुनुरोंग लोकांच्या जमिनीवर उभे आहोत हे मराठीतून, समजून म्हणू या. दर वेळी ते इंग्रजीत घाईघाईने वाचून टाकतो तसं नको. कॅम्पला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र पाठवू या. आणि पुढच्या महिन्यापासून सभासद अर्जावर 'मूळ गाव' हा रकाना कशाला आहे, ते कार्यकारिणीने सांगावं.

प्रेषक: सचिव
गुरुवार, ४ सप्टेंबर

सर्वांना नमस्कार.

माझ्या पत्रातलं भाषेबद्दलचं आणि वेशाबद्दलचं वाक्य मी मागे घेते. ते लिहायला नको होतं.

मिरवणूक दुपारी ३ वाजता निघेल, ५ पर्यंत विसर्जन. पोलिसांशी आणि कौन्सिलशी बोलणं झालं आहे. १४ स्वयंसेवक मिळाले, आणखी सहा हवेत. पथक येणार. कॅम्पसाठीच्या पत्राचा मसुदा शिक्षिकाताईंनी पाठवला, त्यावर अध्यक्षांची सही झाली. 'मूळ गाव' रकाना काढला. आडनावाच्या प्रश्नावर मोकळेपणी बोलायला रविवारी, १४ तारखेला बैठक ठेवली आहे. ज्या ताईंनी येणं सोडलं त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन येणार आहे.

काही घडलं तर: जीव धोक्यात असेल तर ०००. तातडीचं नसेल तर पोलिसांचा १३१ ४४४. इंग्रजी अडत असेल तर आधी १३१ ४५० वर दुभाषी मागा. वंश, रंग, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून सार्वजनिक ठिकाणी अपमान किंवा धमकी झाली, तर १९७५ च्या केंद्रीय कायद्यात १९९५ पासून '१८ सी' हे कलम आहे. त्याखाली मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. व्हिक्टोरियात द्वेष भडकवणं आणि धमकी यांबद्दलची नवी फौजदारी कलमं २० सप्टेंबरपासून लागू होत आहेत. राज्याच्या आयोगाच्या वेबसाइटवर घडलेली गोष्ट नाव न देताही नोंदवता येते, आणि बघणाऱ्यानेही नोंदवली तरी चालते.

प्रेषक: सभासद, टार्नीट
सोमवार, ८ सप्टेंबर

शनिवारी नाना पालखीपुढे शेवटपर्यंत चालले. वळणावर एका गाडीतून कोणीतरी ओरडलं, पिवळ्या जाकीटवाल्या दादांनी नंबर लिहून घेतला. चिठ्ठी मिळालेल्या घरांपैकी काही जण दारात येऊन उभे होते. आरतीआधीचं निवेदन मराठीत ऐकताना पहिल्यांदा त्यातले शब्द माझ्यापर्यंत पोचले.

मुलगी आली, झांजा वाजवल्या. गजरा घातला नाही. मी आग्रह केला नाही.

ट्रेनमधल्या त्या घटनेची नोंद काल आयोगाच्या वेबसाइटवर केली. वीस मिनिटं लागली. वेळ, डबा, स्टेशन, कोण काय बोललं, एवढंच विचारतात. त्या नर्सबाईंबद्दलही लिहिलं. ज्यांच्याबाबतीत असं काही झालंय आणि लिहायला जमत नाहीये, त्यांच्यासाठी मी येत्या रविवारी मराठी शाळा सुटल्यावर मागच्या वर्गात लॅपटॉप घेऊन बसते. २००९ मधलं असलं तरी या.